गावाची लाइन

बाळांनो,

परवा फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, आबा आमच्यावर रागावले होते का?" मी "नाही गं राणी," एवढंच म्हणाले. तेवढ्यात माझ्या मागून कंटेनर गेला, तुमचा आवाज तुटला, आणि पुन्हा लागला तेव्हा तुमची शाळेची वेळ झाली होती. तेवढ्या उत्तराने तिचं समाधान झालं नसणार. माझंही झालं नाही. आबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे, आणि त्याआधीचा किती तरी काळ तुम्हाला त्यांचा चेहरा दिसला नव्हता. तुम्ही "आबा कुठेत?" म्हणायचात आणि मी "घरी आहेत" म्हणायचे. मुलांना यातून काय वाटेल ते मला कळायला हवं होतं.

दुसरं कारण तुमच्या बाबाचं. आबांना पोचवून आल्यावर ओटीवर माणसं बसलेली असताना तो माझ्या कानाशी इंग्रजीत बोलला, म्हणजे इतरांना कळू नये. म्हणाला, त्या दिवशी ज्यांनी तोंड उघडलं नाही, तेच आज खांदा द्यायला पुढे होते. घरात एवढी माणसं असताना मी उत्तर दिलं नाही. ते इथे देते.

मी आयुष्यभर भिवंडीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि तुम्हाला इंग्रजी वाचायला सोपं जातं हे मला माहीत आहे. तरी हे मराठीत लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल, म्हणजे त्याच्याही कानावर पडेल. शिवाय आपल्या गावाचं म्हणणं मी एकदा चांगल्या इंग्रजीत लिहून पाहिलेलं आहे. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

क्रमाने सांगते.

आपलं गाव खाडीच्या काठाला आणि मानकोलीचा रस्ता गावाच्या उशाशी. रस्त्यापलीकडे सगळी गोदामं. जगातली प्रत्येक वस्तू त्या गोदामांत येऊन पडते आणि तिथून कुणाच्या तरी दारात जाते. त्यासाठी गोदामांना इंटरनेट लागतं आणि ते त्यांना हवं तेवढं मिळत होतं. एका कंपनीने रस्ता खणून केबल टाकायची, खड्डा बुजला की दुसरीने खणायचा. पण प्रत्येकीची केबल गोदामाच्या फाटकाशी जाऊन संपायची. रस्ता ओलांडून गावात यायला कुणी तयार नव्हतं. घरं थोडी, गल्ल्या अरुंद, परवडत नाही, असं उत्तर आबांना मिळालं. मोबाइलची रेंज म्हणाल तर गोदामांच्या उंच पत्र्यांनी अडवलेली. घरात ती तेव्हाही येत नव्हती, आजही येत नाही.

टाळेबंदीत शाळा फोनमध्ये गेल्या, तेव्हा गावातली मुलं रस्त्याच्या कडेला गोदामाच्या भिंतीला टेकून बसायची. तिथे रेंज होती. मांडीवर वही, हातात आईचा फोन आणि समोरून ट्रक. एका दुपारी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा धक्का लागून एका मुलीचा हात मोडला. जीव वाचला. त्याच संध्याकाळी देवळासमोर गावकी बसली.

गावकी म्हणजे काय हे तुम्हाला नीट कळायला हवं. ग्रामपंचायत वेगळी, तिला निवडणूक असते, शिक्का असतो. गावकीला यातलं काही नाही. प्रत्येक घरातून एक माणूस देवळासमोर येऊन बसतो, इतकंच. आधी भांडण होतं. मी ठाण्याच्या शांत घरातून लग्न होऊन इथे आले, तेव्हा पहिल्यांदा ती आरडाओरड ऐकून आता मारामारी होणार म्हणून दार लावून बसले होते. पण ती मारामारी नसते. प्रत्येकाला मनातलं शेवटच्या थेंबापर्यंत बोलू देतात. मग एक मार्ग ठरतो, देवापुढे नारळ वाढवला जातो, आणि त्यानंतर त्या विषयावर कुणीही बोलत नाही. गावाबाहेर जाऊन बोलायचं असेल तर गावकीने नेमलेला एकच माणूस बोलतो. बाकीचे त्याच्या मागे बसतात आणि गप्प राहतात. नारळ वाढवल्यावर दुसरा कुणी बोलला, मग तो बाजूनेच का बोलेना, तर त्याचा अर्थ गावाचं एकमत नाही असा होतो. खाडीला बांध घालायच्या वेळी, जमिनींच्या सौद्याच्या वेळी, जेव्हा जेव्हा साहेब लोक आले तेव्हा गाव असंच बसलं. शब्द एकाचा आणि पाठ सगळ्यांची.

त्या संध्याकाळी ठरलं की कंपनी येत नसेल तर इंटरनेटची लाइन आपण आणायची.

आबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, खांबावर चढणं त्यांना नवीन नव्हतं. शहरातल्या एका केबलवाल्याने जोड द्यायचं कबूल केलं. पण शहरापासून गावापर्यंत केबल आणायची कशावरून? तिथे कामतघरचे चाचा मदतीला आले. तुम्ही त्यांना पाहिलंय. ईदला शीरखुर्मा घेऊन येतात ते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, लूमचा म्हणजे यंत्रमागाचा धंदा. त्यांच्या कारखान्याच्या छपरावर पहिला खांब उभा राहिला. "भाऊ, छत तुमचीच समजा," ते आबांना म्हणाले, "फक्त लूम बंद करायला सांगू नका. आवाज बंद झाला की मला झोप येत नाही."

तिथून पुढे गावापर्यंत, आणि गावात देवळावरून थेट खाडीपर्यंत. खांब म्हणून मोडलेल्या गोदामाचे लोखंडी पाइप घेतले. प्रत्येक घराने आपल्या दारासमोरचा खड्डा आपण खणला. जिथे खणायला माणूस नव्हतं तिथे गल्लीने खणला. शेवटचा खांब तुमच्या मोठ्या आजीच्या दारात, अगदी खाडीच्या तोंडाशी. मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. शिकलेली नाही, जिभेला हाड नाही, आणि या गावात मला माणूस केलं ते तिने. लाइन आल्यावर तिने सगळ्यांच्या आधी धंदा सुरू केला. सकाळी पाटीतल्या चिंबोऱ्या फोनसमोर धरायची आणि ठाण्याच्या टॉवरमधल्या बायका तिकडून निवडायच्या.

"यो नांगीवाला दे, यो नको," ती मला त्यांची नक्कल करून दाखवायची. "मेल्यांना वास पन न्हाय लागत आता. मास्तरीनबाई, मी कॅमेऱ्यान बरी दिसतंय ना गो?"

"चिंबोरी बरी दिसते," मी म्हणायचे.

"मंग झालं. इकायची तीच हाय."

आणि आबा तुम्हाला खाडी दाखवायचे. आठवतं ना? भरतीची वेळ बघून ते मोठ्या आजीच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि फोन पाण्याकडे धरायचे. थोरला म्हणायचा, "आबा, फोन हलवू नका." आबा म्हणायचे, "मी न्हाय हलत रे, पानी हलतंय."

ते दिवस चांगले होते. मला त्यांच्यावर जास्त लिहिता येणार नाही.

मग शहरातला केबलवाला एके दिवशी घरी आला, चहा समोर ठेवला तरी प्याला नाही. म्हणाला, नवे नियम यायचे आहेत. इंटरनेट पुढे वाटायचं तर परवाना लागेल, आणि परवाना मालकाला मिळेल. मालक म्हणजे एखादा माणूस, नाही तर कंपनी, नाही तर नोंदणी केलेली संस्था. "काका, तुमच्या लाइनचा मालक कोण?" त्याने विचारलं.

आबा म्हणाले, "गाव."

"गाव म्हणजे कोणाच्या नावावर?"

आबांना प्रश्नच कळला नाही. विहीर कुणाच्या नावावर आहे, मासळी सुकवायची जागा कुणाच्या नावावर आहे, असं या गावात कुणी विचारत नाही. मी संस्था नोंदवण्याचं सुचवलं. पण भातगिरणीच्या वेळी तसं करून झालं होतं. अध्यक्ष कोण, चिटणीस कोण, यावरून दोन पक्ष पडले आणि गिरणी कुलपात गंजून गेली. गावकीला पुन्हा ते नको होतं. एका कंपनीची माणसं येऊन आबांना म्हणाली, लाइन तुमच्या नावावर करा, परवाना आम्ही काढून देतो. आबांनी त्यांना पाणी दिलं, रस्त्यापर्यंत सोडलं आणि नाही म्हणून सांगितलं.

मोठी आजी म्हणाली, "घ्यायची की भावजी नावावर. मंग मी तुमच्याच ओटीवर बसून चिंबोऱ्या इकीन, भाडं न देता."

"वहिनी, मी मेल्यावर ती माझ्या पोराची व्हईल," आबा म्हणाले. "त्याला खाडीचा खांब कुठला ते तरी ठाव हाय का?"

बाबाने हे ऐकून दुखावून घेऊ नये. ते त्याच्याबद्दल नव्हतं.

नियम पक्के होण्याआधी सरकारी पद्धतीप्रमाणे लोकांची मतं मागवली होती. इंटरनेटवर एक लांब मसुदा होता, इंग्रजीत, शेवटी प्रश्न: खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवायचं तर जाळ्याची मालकी कुणाकडे असावी? कुणीही उत्तर पाठवावं, संस्था असो की साधा नागरिक. मी तो मसुदा छापून आणला आणि ओटीवर बसून गावाला मराठीत वाचून दाखवला. आबा ऐकता ऐकता उठून उभे राहिले. आयुष्यभर खात्यात नोकरी केली, पण खांब कुणाचा असावा हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. "बग, इचारतायत," ते मला म्हणाले. "आपल्याला इचारतायत."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला अजून दिसतं.

गावकी बसली. मसुदा वाचणारी म्हणून मलाही बोलावलं होतं. मी म्हटलं, प्रत्येक घराने वेगळं पत्र पाठवावं. इंग्रजी मी करून देते, सही ज्याची त्याने करावी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठी आजीच बोलली, "म्हंजे गाव फुटला म्हनून आपनच कळवायचं का? येकाचं येक, दुसऱ्याचं दुसरं. आपन काय गोदामवाले हाव, ज्याची त्याची पाटी लावायला?" सगळे हसले. मीही हसले. तिचं म्हणणं चूक नव्हतं. या गावात ते खरंच तसं होतं. नारळ वाढवला गेला. गावाचं पत्र एक, बोलणारा एक: आबा.

चाचांनी मात्र इशारा दिला. लूमवाल्यांना वीजदराच्या सुनावण्यांना जाऊन जाऊन अनुभव होता. ते आबांना म्हणाले, "भाऊ, एक पत्र नका पाठवू. वो लोग सर गिनते हैं. आम्ही संघटनेचं पत्र देतो, पण प्रत्येक लूमवाला आपलं पण देतो. सेम टू सेम मजकूर, नाव वेगळं. तुम्ही म्हणाल तर मी पण पाठवतो, माझे कारीगर पण पाठवतात."

आबा हसले. "चाचा, तुमची संघटना हाय. आमचं गाव हाय. गावाचं गाव बोलंल."

"बोलेल तर बोलेल," चाचा म्हणाले, "पर सुनेगा कौन, वो भी देखो." पण त्यांनी आग्रह धरला नाही. दुसऱ्याच्या गावच्या नारळात हात घालायची त्यांची रीत नव्हती.

मी पत्र लिहिलं. मला त्याचा अभिमान होता. खांब कसे उभे केले, खड्डे कुणी खणले, मुलीचा हात कसा मोडला, हे सगळं साध्या, स्वच्छ इंग्रजीत. शेवटी एकच मागणी: मालक कोण होऊ शकतो त्यात 'गाव' हा एक शब्द घालावा. खाली लिहिलं, समस्त ग्रामस्थांतर्फे, आणि आबांची सही.

मग मुंबईला एका मोठ्या हॉटेलात खुली चर्चा ठेवली होती. मोठी बस करून सारं गाव गेलं. पुरुषांनी पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या, बायकांनी लग्नातली लुगडी. हॉलमध्ये थंडी इतकी की मोठ्या आजीने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "हितं मासली ठेवली तं आठ दिस टिकंल." आम्हाला मागच्या रांगा मिळाल्या. पुढे कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनांची माणसं होती. एकेक जण उठायचा, आपलं नाव सांगायचा, आधीच्या वक्त्याशी मी सहमत आहे म्हणायचा आणि तेच पुन्हा बोलून खाली बसायचा. आमच्या रांगेत कुजबुज झाली की यांच्यात एकाचा एकावर भरवसा दिसत नाही, प्रत्येकाला स्वतः बोलावं लागतंय.

आबांची पाळी आली. ते मराठीत बोलले आणि मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगत गेले.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही विचारलंय लाइन कुणाची असावी. आमच्याकडं गावाच्या वस्तू कुणाच्या नावावर नसतात म्हनून त्या टिकल्या. ज्या ज्या कुणाच्या नावावर झाल्या त्या इकल्या गेल्या. आमच्या जमिनी बघा. समोर गोदामं हायत. आमी इकल्या, आमचीच सही हाय, कुणाला बोल लावत न्हाय. पन ही एक वस्तू आमी कुणाच्या नावावर केली न्हाय. ती कुणाला इकताच येनार न्हाय. शेवटच्या घरापर्यंत ती जाते, कारन शेवटचं घर पन मालक हाय. कंपनी शेवटच्या घरी कशाला जाईल? आमी जातो, कारन तिथं माझी वहिनी ऱ्हाते."

अध्यक्ष भला माणूस वाटला. त्यांनी चष्मा काढला, आबांचे आभार मानले. मग म्हणाले, गावातून आणखी कुणाला बोलायचं आहे का? आधी इंग्रजीत विचारलं, मग हिंदीत, "गाँव से और कोई कुछ कहना चाहेगा?"

मी मागे वळून पाहिलं. सगळ्या रांगा हात मांडीवर ठेवून, नजर खाली घालून बसल्या होत्या. जी बाई ट्रकवाल्याला शिव्या देऊन मागे हटवते, ती ओठ घट्ट मिटून बसली होती. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, हात वर करून तरी सांगा, या म्हणण्याशी कोण सहमत आहे? कुणी हललं नाही. हात वर करणं म्हणजेही बोलणंच. मी माइकमध्ये सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे याचा अर्थ असा असतो; पण माइक बंद झालेला होता, आणि पुढचा वक्ता उठून आपलं नाव सांगत होता.

बाबाने तिकडे परदेशात बसून इंटरनेटवर याच प्रसंगाचं चित्रण पाहिलं. त्यात आबा उभे आहेत आणि मागे गाव मान खाली घालून बसलं आहे. त्याला वाटलं की गाव ऐनवेळी घाबरलं. चित्रणात तसंच दिसतं. पण परतीच्या बसमध्ये कॅमेरा नव्हता. बसमध्ये अक्षरशः वरात होती. कशेळीला पूल आला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. "कोन पन हाललं न्हाय!" जो तो दुसऱ्याला सांगत होता. "साहेबानं दोनदा इचारलं, तरी पन कोन हाललं न्हाय!" मोठी आजी मला ढोसून म्हणाली, "मना खोकला आयलेला गो, ऐन टायमाला. मी पदर तोंडात घातला, पन खोकले न्हाय. तुजा नवरा बोलत व्हता ना."

आबा खिडकीशी बसले होते. ते हसत होते. त्यांनीही तेव्हा ते तसंच घेतलं.

निर्णय यायला बरेच महिने गेले. तो आला तेव्हा सोबत सगळ्यांच्या मतांचा गोषवारा होता. दुपारी ओटीवर बसून मी तो आबांना वाचून दाखवला. बहुतेकांचं मत असं पडलं, तर काहींचं तसं. आणि मग एक वाक्य, की एका प्रतिसादकाने गावाला मालक मानावं असं सुचवलं आहे.

"एका म्हंजे?" आबांनी विचारलं.

"एका म्हणजे आपण."

"आपन म्हंजे सगला गाव ना?"

"कागदावर एक."

"आनि ते कंपनीवाले, ते सगले तेच तेच बोलत व्हते?"

"ते सगळे वेगवेगळे धरलेत."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाले, "म्हंजे त्यांना वाटलं, माझ्या मागं कोन न्हाय." मी म्हटलं, त्यांनी काही वाईट केलं नाही हो, समोर दिसलं ते लिहिलं. "हां," आबा म्हणाले, "त्यांची पन रीत असंल." आणि थोड्या वेळाने, "हे गावाला सांगू नको. सगलं बोलून झालं आनि तरी मिलालं न्हाय, असंच वाटू दे. गप बसलो म्हनून गेलं, हे वहिनीला कळलं तं ती मरंल."

मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुम्हीही मोठ्या आजीला सांगू नका.

नव्या नियमांत गाव हा शब्द नव्हता. शहरातल्या केबलवाल्याने डोळ्यांत पाणी आणून जोड तोडला. गावकीने लाइन एका कंपनीच्या हवाली केली, प्रत्येक घर जोडायचं या बोलीवर. कंपनीने रस्त्यापासून देवळापर्यंत जोडलं. देवळापासून खाडीपर्यंत पुढच्या टप्प्यात येऊ म्हणाले. तो टप्पा आला नाही. मोठ्या आजीने पुन्हा डोक्यावर पाटी घेतली आणि रिक्षाने ठाण्याला जायला लागली, या वयात. बोलली काही नाही. एकदाच म्हणाली, "त्या टॉवरवाल्या बाया मना इसरल्या असतील."

आपलं घर देवळाच्या अलीकडे. आपल्याकडे लाइन होती. एका सकाळी आबांनी भिंतीवरचा इंटरनेटचा खोका उतरवला, फडक्याने पुसला आणि कंपनीच्या माणसाला परत दिला. मोठी आजी धावत आली. "माज आलाय का तुमाला भावजी? नातवंडांचं तोंड बघायचं सोडून देताय?"

आबा म्हणाले, "ती शेवटच्या घरी जात न्हाय, तं माझ्या घरी कशाला?"

मी भांडले. मी खूप भांडले, कारण त्यात तुम्ही होतात. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "मी बसमध्ये हसत व्हतो."

तेव्हापासून मी रस्त्यावर जाऊन गोदामाच्या भिंतीशी उभी राहून तुमच्याशी बोलते. म्हणून कंटेनरचा आवाज येतो. आबांचे गुडघे तेवढं चालू देत नव्हते आणि जिथे त्या मुलीचा हात मोडला त्या भिंतीशी ते उभे राहिले नसते. पण धाकटे, तू विचारलंस म्हणून सांगते. मी फोन करून परत यायचे तेव्हा ते फाटकाशी उभे असायचे. चप्पल काढायच्या आत विचारायचे, "काय बोलले?" मग सगळं क्रमाने सांगावं लागायचं. तू कुठला फ्रॉक घातला होतास, पुढचे दात आले का, थोरल्याचा आवाज फुटला म्हणजे नक्की कसा झाला. मी थोरल्याच्या आवाजाची नक्कल करायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एखादी गोष्ट सांगायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी आठवली तर रागावायचे, पण ते माझ्यावर. तुमच्यावर नाही, कधीच नाही.

आजारी पडले तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून न्यायचं ठरवलं, तुम्हाला एकदा बघता यावं म्हणून. आबा म्हणाले, "नको. बरा झालो की चालत जाईन." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मीही खुर्चीचा हट्ट धरला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हा बाबाला सांगा की ज्यांनी खांदा दिला, त्यांनी त्या दिवशी आबांना एकटं सोडलं नव्हतं. त्यांना जेवढी साथ देता येत होती तेवढी सगळी त्यांनी दिली. ती तिथल्या कुणाला दिसली नाही, आणि आबांना ती दिसली तेव्हा तिचं काही करता येत नव्हतं.

आता काय उरलं आहे ते सांगते. रस्त्यापासून देवळापर्यंतची केबल कंपनीची आहे. देवळापासून खाडीपर्यंतची कंपनीने घेतली नाही, कारण त्यांना ती परवडत नाही. ती अजून खांबांवर आहे. तिच्यातून काही जात नाही. पावसाळ्यात खांब कलला तर ज्याच्या दारात असेल तो सरळ करतो. ती गावाची आहे, आणि कुणाच्या नावावर नाही.